उतारा आणि पुस्तक : इंग्रजी वाचन-आकलनाच्या सरावाविषयी एक संवाद

इंग्रजी ही ज्यांची घरची भाषा नाही अशा विद्यार्थ्यांनी इंग्रजी मजकूर वाचून समजून घेण्याचा सराव कसा करावा, याविषयी मराठी माध्यमाच्या शाळांत दोन मते नांदतात, आणि ती बहुधा एकाच इमारतीच्या दोन खोल्यांत, एकमेकांशी फारसे न बोलता नांदतात. वर्गखोलीतील मत असे की उतारा द्यावा, त्याखाली प्रश्न द्यावेत आणि उत्तरे तपासावीत. ग्रंथालयाच्या खोलीतील मत असे की सोपी पुस्तके हाती द्यावीत आणि प्रश्न विचारूच नयेत. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते, त्यापूर्वी ती पाचवीपासून शिकवली जाई. म्हणजे दहावीला बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या पाठीशी आता इंग्रजीची दहा वर्षे असतात, आणि तरीही पाठ्यपुस्तकाबाहेरचे पान समोर आले की त्यांपैकी पुष्कळांची वाचा बसते. वर्षे वाढवून जे साधले नाही ते सरावाचा प्रकार बदलून साधेल काय, हा पुढील संवादाचा विषय आहे. त्यातील शिक्षिका आणि ग्रंथपाल ही पात्रे कल्पित असून, ते ज्या अभ्यासांचा आधार घेतात ते मात्र प्रसिद्ध झालेले आहेत.

शिक्षिका : दहावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत पाठ्यपुस्तकातील उताऱ्याबरोबर अपठित उतारा, म्हणजे विद्यार्थ्याने पूर्वी कधीही न पाहिलेला उतारा, दिलेला असतो, आणि त्याखालच्या कृती साध्या माहितीपासून शब्दसंपत्ती, व्याकरण आणि वैयक्तिक प्रतिसाद अशा पायऱ्यांनी चढत जातात. परीक्षेत जे करायचे आहे त्याचाच सराव वर्गात व्हावा यात गैर काय आहे? शिवाय, सर, चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात कोणाला काय समजले हे प्रश्न विचारल्याशिवाय कळणार तरी कसे?

ग्रंथपाल : प्रश्न विचारल्यावर तरी ते कळते काय, बाई, हीच शंका आहे. ‘झिंगुट्याने भुंकळीच्या काठी दोन टरमाळे लिपकटले’ हे वाक्य कोणत्याही पाचवीच्या मुलापुढे ठेवावे आणि विचारावे : टरमाळे कोणी लिपकटले, कोठे लिपकटले, किती लिपकटले? मूल तिन्ही प्रश्नांची अचूक उत्तरे देईल, पैकीच्या पैकी गुण मिळवील, आणि वाक्याला अर्थच नाही हे त्याच्या लक्षात आले तरी त्याच्या गुणांत काही फरक पडणार नाही. इंग्रजी उताऱ्याखालचे पहिले दोन-तीन प्रश्न असेच सुटतात : प्रश्नातला एखादा मोठा शब्द उताऱ्यात शोधायचा, ज्या ओळीत तो सापडेल ती ओळ उतरवून काढायची. कित्येक शिकवण्यांत तर प्रश्न आधी वाचा, उतारा मागाहून वाचा, असेच सांगितले जाते. आणि गुणांच्या दृष्टीने तो सल्ला चुकीचाही नसतो.

ही टीका नवी नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९१७ साली मुलांच्या उतारावाचनातील चुका तपासल्या, तेव्हा त्यांना आढळले की मुले शब्द न कळल्यामुळे चुकतात तशीच एखाद्या शब्दाला भलते वजन दिल्यामुळेही चुकतात. उताऱ्यातील किंवा प्रश्नातील एकच ठळक शब्द मनाचा ताबा घेतो आणि बाकीचे वाक्य त्याच्यामागे फरफटत जाते. परिच्छेद समजणे म्हणजे गणितातील उदाहरण सोडवण्यासारखेच, योग्य घटक निवडून त्यांची योग्य जुळणी करणे होय, असा त्यांचा निष्कर्ष होता. एक गोष्ट मात्र ग्रंथपालांच्या दृष्टान्तातून निसटते. निरर्थक वाक्यातूनही ‘कोणी’ आणि ‘कोठे’ ही उत्तरे मराठी मुलाला काढता येतात ती मराठीचे प्रत्यय त्याच्या हाडीमाशी मुरलेले असल्यामुळे. इंग्रजीची वाक्यरचना त्याच्यात तितकी मुरलेली असती, तर या संवादाची फारशी गरजच उरली नसती.

ग्रंथपाल : मुरण्यासाठी तर भरपूर वाचले पाहिजे, आणि भरपूर वाचण्यासाठी ते सोपे असले पाहिजे. न्यूझीलंडमधील भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी एका सहकारी संशोधिकेबरोबर २००० साली केलेल्या अभ्यासात असे दिसले की मजकुरातील केवळ ८० टक्के शब्द ओळखीचे असतील तर तो मजकूर कोणालाच पुरेसा समजत नाही, आणि कोणाच्या मदतीवाचून सुखाने वाचायचे तर हे प्रमाण ९८ टक्क्यांच्या आसपास लागते. तीनशे शब्दांच्या पानावर ९८ टक्के म्हणजे सहा अनोळखी शब्द, ९५ टक्के म्हणजे पंधरा आणि ९० टक्के म्हणजे तीस. नववीतल्या मुलासमोर ठेवलेल्या उताऱ्यात त्याला किती शब्द अनोळखी असतात, याची मोजणी एकदा वर्गात करून पाहावी.

शिक्षिका : मोजणी न करताही ती संख्या सहा नसते हे ठाऊक आहे.

ग्रंथपाल : मग तो मुलगा वाचत नसतो, तो शब्दकोशात अर्थ शोधत असतो. घरोघरी असलेल्या इंग्रजी-मराठी कोशात एका शब्दाखाली पाच अर्थ दिलेले असतात, त्यांतला पहिला तो उचलतो, पुढच्या शब्दाकडे वळतो, आणि वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत वाक्याचा आरंभ विसरलेला असतो. पाने सोपी असती तर त्याच अर्ध्या तासात त्याची दहा पाने वाचून झाली असती, आणि जे शब्द निम्मेअर्धे ओळखीचे होते ते निरनिराळ्या वाक्यांत पुन्हा पुन्हा भेटून पक्के झाले असते.

येथे ज्या दोन वाचनप्रकारांचा भेद केला जात आहे त्यांना शालेय परिभाषेतील नावे देणे सोयीचे होईल. थोडा मजकूर घेऊन त्यातील शब्द, रचना आणि आशय यांची बारकाईने उकल करणे ते सूक्ष्मवाचन. पुष्कळ मजकूर आशयाच्या ओढीने, बारीकसारीक अडचणी ओलांडून वाचत जाणे ते स्थूलवाचन. मराठीच्या पाठ्यपुस्तकांत ‘स्थूलवाचन’ या शीर्षकाखाली स्वतंत्र पाठ छापले जातात, पण त्यांच्यावरही परीक्षेत प्रश्न येत असल्याने ते स्थूल राहत नाहीत, हा भाग वेगळा.

स्थूलवाचनाचा आग्रह भारतीय उपखंडात फार जुना आहे. ढाका येथील शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य मायकेल वेस्ट यांनी १९२६ साली बंगालमधील द्विभाषिकतेवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात त्यांनी असे मांडले की बंगाली विद्यार्थ्याला इंग्रजी बोलण्याआधी इंग्रजी वाचण्याची गरज आहे, कारण अनेक मुले शाळा मध्येच सोडतात आणि अर्धवट शिकलेले बोलणे निरुपयोगी ठरते, तर अर्धवट शिकलेले वाचन पुढेही उपयोगी पडते. मध्येच सोडलेल्या शिक्षणातून हाती काय उरते, या कसोटीला त्यांनी विमाव्यवसायातील ‘सरेंडर व्हॅल्यू’ ही संज्ञा लावली. विम्याचे हप्ते मध्येच थांबवलेल्या कोणत्याही मराठी कुटुंबाला ती समजावून सांगावी लागणार नाही. जुन्या वाचनमालांत दुर्मीळ शब्दांची झालेली दाटी कमी करून, त्यांच्या जागी नेहमीचे शब्द घालून आणि प्रत्येक नवा शब्द पुन्हा पुन्हा येईल अशी योजना करून वेस्ट यांनी नव्या वाचनमाला तयार केल्या. सुमारे २,००० मूलभूत इंग्रजी शब्दांची त्यांची यादी १९५३ साली प्रसिद्ध झाली. आज ज्यांना श्रेणीबद्ध वाचनपुस्तके म्हणतात, म्हणजे ठरावीक शब्दसंख्येच्या मर्यादेत लिहिलेली चढत्या काठिण्याची पुस्तके, त्यांच्या घडणीत ढाक्यातील या कामाचा वाटा मोठा आहे. ज्या भूप्रदेशात हा विचार इतक्या नेटाने मांडला गेला, तेथील शाळांच्या कपाटांत अशी पुस्तके आजही विरळा आढळावीत, ही खेदाची गोष्ट आहे.

शिक्षिका : ही पुस्तके वाचून वेस्ट यांच्या यादीतले २,००० शब्द आले असे धरले, तरी इंग्रजी वर्तमानपत्र किंवा कादंबरी वाचायला ते पुरत नाहीत. नेशन यांनीच २००६ साली काढलेल्या अंदाजानुसार ९८ टक्क्यांची पातळी गाठण्यासाठी ८,००० ते ९,००० शब्दकुले लागतात, म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून साधलेली रूपे मिळून होणारा एकेक गट, असे आठ-नऊ हजार गट. सोप्या पुस्तकापासून खऱ्या पुस्तकापर्यंतचे हे अंतर केवळ आवडीने कापले जाईल, असे मानणे भाबडेपणाचे आहे.

ग्रंथपाल : फिजी बेटांवरील ग्रामीण शाळांत एली आणि मंगुभाई यांनी केलेला प्रयोग १९८३ साली प्रसिद्ध झाला. नऊ ते अकरा वर्षांच्या, इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्या मुलांच्या वर्गांत त्यांनी गोष्टीच्या सचित्र इंग्रजी पुस्तकांचा अक्षरशः पूर आणला, आणि नेहमीच्या ठरीव पद्धतीने शिकणाऱ्या वर्गांपेक्षा ती मुले वाचन-आकलनात ठळकपणे पुढे गेली. दुसऱ्या वर्षी हा फायदा इतर भाषाकौशल्यांतही दिसू लागला. हाही भाबडेपणाच म्हणावा काय?

शिक्षिका : त्याच प्रयोगात पुस्तके मिळालेले गट दोन होते, हेही सांगावे लागेल. एका गटातील मुले आपापली मूक वाचत होती, दुसऱ्या गटात शिक्षक पुस्तक समोर धरून मुलांबरोबर वाचत होते, त्यावर बोलत होते. आणि प्रगती दोन्ही गटांत दिसली. म्हणजे पुस्तके आवश्यक आहेत हे त्या प्रयोगाने दाखवले, शिक्षक अनावश्यक आहे हे दाखवले नाही.

या उत्तरात तथ्य आहे, आणि ते ग्रंथपालांनीही मान्य करावे लागले. यानंतर शिक्षिकेने जो मुद्दा मांडला तो सोप्या पुस्तकांच्या पुरस्कर्त्यांकडून बहुधा दुर्लक्षिला जातो.

शिक्षिका : ‘द मॅन सिटिंग नेक्स्ट टू द ड्रायव्हर फेल अस्लीप’ या वाक्यात अनोळखी शब्द एकही नाही, म्हणजे शंभर टक्के शब्द ओळखीचे आहेत, तरी झोपी कोण गेले असे विचारले तर निम्मा वर्ग ड्रायव्हर असे उत्तर देतो. याचे कारण आळस नव्हे. मराठीत ‘ड्रायव्हरशेजारी बसलेला माणूस झोपी गेला’ असे म्हणताना विशेषण आधी येते, माणूस नंतर येतो आणि त्याला लागूनच क्रियापद येते. इंग्रजीत माणूस आधी येऊन जातो, त्याचे विशेषण मागून लांबत राहते, आणि क्रियापदाच्या शेजारी भलताच मनुष्य उभा असतो. मराठी वाचकाची नजर सवयीने शेजारच्या नामाला कर्ता समजते. अशा वाक्यात मुख्य क्रियापद कोणते आणि त्याचा कर्ता कोणता हे शोधून काढण्याचा सराव मुद्दाम करून घ्यावा लागतो. तीच गोष्ट लहान शब्दांची. ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’, ‘हार्डली’, ‘अनलेस’, ‘ऑल्दो’ हे शब्द कोशात कोणी शोधत नाही, कारण ते ओळखीचे वाटतात. मोठमोठ्या नामांचे अर्थ समासात लिहिलेले असतात, आणि ‘हार्डली’कडे लक्ष न गेल्याने सबंध वाक्य उलटे समजलेले असते.

ग्रंथपाल : हे सगळे पुढे वाचता वाचता सुटत नाही काय?

शिक्षिका : काहींचे सुटते. पण कथेत चुकीचा अर्थ लावूनही पुढे जाता येते, किंबहुना स्थूलवाचनाचा गुण तोच मानला जातो. मग चूक दुरुस्त कोण करणार? म्हणून आठवड्यातून एखादा तास तरी एकच परिच्छेद घेऊन, वाक्य न् वाक्य मोकळे करून, त्याचा अर्थ मराठीत सांगायला लावणे आवश्यक आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी माणसांच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्या पद्धतीत बोलणे दुर्लक्षिले गेले हे खरे, परंतु वाक्याचा कर्ता कोण याविषयी त्या पिढ्यांचा सहसा गोंधळ होत नसे.

वर्गात मराठी वापरली की इंग्रजी बिघडते, ही समजूत गेल्या काही दशकांत इतकी बळावली आहे की आकलनाची तपासणीसुद्धा इंग्रजीतूनच व्हावी असा आग्रह धरला जातो. याचा परिणाम असा होतो की ज्याला उतारा समजला पण इंग्रजीत लिहिता येत नाही तो नापास होतो, आणि ज्याला समजला नाही पण ओळ उतरवता येते तो पास होतो. वाचन आणि लेखन ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. एकाची परीक्षा दुसऱ्याच्या माध्यमातून घेतली तर निदान तरी चुकीचे होणारच. ब्रिटिश भाषाचाचणीतज्ज्ञ चार्ल्स ऑल्डरसन यांनी १९८४ साली विचारलेला प्रश्न, परभाषेतील वाचनाची अडचण ही वाचनाची अडचण आहे की भाषेची, याच संदर्भात महत्त्वाचा ठरतो. त्याचे उत्तर साधारणतः असे निघाले की परभाषेच्या ज्ञानाचा एक उंबरठा ओलांडल्याशिवाय मातृभाषेतील चांगले वाचनही तेथे कामी येत नाही. मराठीत अग्रलेख समजणारी मुलगी इंग्रजीतील साध्या बातमीपाशी अडखळते ती बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे. आणि सारांश कसा काढावा, शीर्षक कसे द्यावे, भरभर नजर कशी फिरवावी या युक्त्या तिला शिकवण्यात जो वेळ जातो तो बराचसा वाया जातो, कारण त्या तिला मराठीत आधीच येत असतात.

ग्रंथपाल : एक उंबरठा भाषेचा, तसा दुसरा माहितीचा. स्टेफेन्सन, जोग-देव आणि अँडरसन यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतीय आणि अमेरिकन वाचकांना दोन पत्रे वाचायला दिली होती, एकात भारतीय लग्नाचे वर्णन आणि दुसऱ्यात अमेरिकन लग्नाचे. आपल्या रीतीच्या लग्नाचे पत्र प्रत्येकाने अधिक वेगाने वाचले आणि त्यातले अधिक तपशील लक्षात ठेवले. अमेरिकन वधू आजीचा लग्नातला पोशाख घालणार असल्याचा उल्लेख होता; तेथे ती गोष्ट मानाची आणि परंपरेची, पण एका भारतीय वाचकाला त्यावरून वधूचे कपडे जुने, फॅशनबाहेरचे होते असे वाटले. त्या वाचकाला इंग्रजी शब्द कळले नव्हते असे कोणी म्हणणार नाही.

शिक्षिका : मग उपाय काय? मुलांना आधी सगळ्या जगाची माहिती द्यायची आणि मग इंग्रजी शिकवायची?

ग्रंथपाल : उलट, जी माहिती त्यांच्यापाशी आहे ती इंग्रजीतून वाचायला द्यायची. बालभारती एकाच इयत्तेची विज्ञानाची आणि भूगोलाची पुस्तके मराठीत आणि इंग्रजीत काढते. आशय तोच, आकृत्या त्याच, आणि दोन्ही मंडळाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. नववीतल्या मुलाने सातवीचे सामान्य विज्ञान इंग्रजीतून वाचले तर पचनसंस्था त्याला ठाऊक असते, नवी असते ती फक्त भाषा. क्रिकेटच्या सामन्याचे वृत्त आदल्या रात्री सामना पाहिलेल्याने इंग्रजीत वाचावे. पावसाची, धरणांतील पाणीसाठ्याची बातमी आधी मराठी दैनिकात वाचून मग इंग्रजी दैनिकात वाचावी. श्रेणीबद्ध पुस्तके विकत घ्यायला पैसे नाहीत अशी तक्रार यापुढे चालू नये.

ही सूचना या सबंध चर्चेतील सर्वांत उपयुक्त सूचना आहे, असे म्हणायला हरकत नाही, कारण तिच्यासाठी नवे अनुदान लागत नाही. पण तिच्यात एक खाच आहे, आणि ती शिक्षिकेच्या ताबडतोब लक्षात आली.

शिक्षिका : ज्याला पचनसंस्था आधीच ठाऊक आहे तो इंग्रजी वाचतो आहे की आठवणीतून अंदाज बांधतो आहे, हे कसे ओळखायचे? माहिती ओळखीची केली की मूल मजकुराऐवजी स्वतःचे डोकेच वाचू लागते.

ग्रंथपालांना यावर चटकन उत्तर सुचले नाही. उत्तर प्रश्नांच्याच एका प्रकारात आहे, आणि ते शिक्षिकेनेच पुढे मांडले. परदेशी विद्यापीठांत प्रवेशासाठी अनेक मराठी विद्यार्थी जी आयेल्ट्स ही परीक्षा देतात, तिच्या वाचनविभागात साठ मिनिटांत चाळीस प्रश्न सोडवायचे असतात, आणि त्यांत एक प्रकार असा असतो की दिलेले विधान मजकुरानुसार बरोबर आहे, चूक आहे, की मजकुरात त्याविषयी काहीच म्हटलेले नाही, हे ठरवायचे. या तिसऱ्या पर्यायापाशी हुशार विद्यार्थीही घसरतात.

शिक्षिका : समजा, कांदाचाळीविषयीचा एक इंग्रजी परिच्छेद आहे, आणि त्यात एवढेच म्हटले आहे की चाळीचा तळ जमिनीपासून उंच ठेवलेला असतो, त्यामुळे खालून हवा खेळती राहते आणि कांदा सडण्याचे प्रमाण कमी होते. आता तीन विधाने द्यावीत. चाळीत कांद्याला खालून हवा मिळते : बरोबर. चाळीचा तळ जमिनीला टेकलेला असतो : चूक. नाशिक जिल्हा कांद्यासाठी प्रसिद्ध आहे : हे विधान खरे आहे, निफाडच्या मुलाला तर ते सांगायलाही नको, पण परिच्छेदात ते नाही. ‘हे खरे आहे, पण येथे लिहिलेले नाही’ असे ज्या दिवशी मूल म्हणू शकते, त्या दिवशी ते स्वतःची माहिती आणि समोरचा मजकूर वेगळे ठेवू लागले असे समजावे. प्रत्येक उत्तराबरोबर ते कोणत्या शब्दांवरून दिले हे बोट ठेवून दाखवायला सांगावे; मग ओळ उतरवून काढण्याची पळवाट उरत नाही.

ग्रंथपाल : असे प्रश्न असतील तर विरोध नाही. विरोध आहे तो प्रत्येक पानाखाली प्रश्न असण्याला.

फोनच्या कॅमेऱ्यासमोर पान धरले की त्याचे मराठी भाषांतर पडद्यावर उमटते, तेव्हा हा सारा खटाटोप कशासाठी, असा प्रश्नही अलीकडे विचारला जातो. त्यावर दोघांचे फारसे दुमत झाले नाही. एखादा शब्द अडला तर फोन कोशापेक्षा लवकर अर्थ देतो आणि वाचनाची लय कमी मोडते, हे ग्रंथपालांनी मानले. सबंध पान भाषांतरित करून वाचणे हे मराठीचे वाचन आहे, इंग्रजीचे नव्हे, हे शिक्षिकेने नोंदवले. आणि त्या भाषांतरात ‘हार्डली’ निसटले आहे की नाही हे तपासण्यासाठीही इंग्रजी यावीच लागते. प्रकट वाचनाविषयी, म्हणजे मोठ्याने वाचण्याविषयी, दोघेही उदासीन दिसले : उच्चार सुधारण्यासाठी ते ठीक आहे, पण पुष्कळ मुले पान स्पष्ट वाचून दाखवतात आणि त्यात काय होते हे त्यांना सांगता येत नाही.

उरला तो वेळेच्या वाटणीचा प्रश्न. आठवीपर्यंत इंग्रजीच्या तासिकांपैकी दोन ग्रंथालयात, सोप्या आणि ओळखीच्या विषयांच्या वाचनासाठी द्याव्यात, एक तासिका एकाच परिच्छेदाच्या बारीक उकलीसाठी ठेवावी, आणि परीक्षेच्या नमुन्याचे उतारे नववीच्या दुसऱ्या सत्रापूर्वी काढूच नयेत, इथपर्यंत एकमत झाले. मतभेद उरला तो नोंदवहीवर. मुलाने काय वाचले, किती पाने वाचली आणि काय समजले हे दर आठवड्याला चार ओळींत, हवे तर मराठीत, लिहून ठेवावे, नाहीतर ग्रंथालयाची तासिका झोपेत जाईल, असे शिक्षिकेचे म्हणणे. आणि नोंदवही आली की तपासणी येते, तपासणी आली की गुण येतात, गुण आले की मुले पुस्तक न वाचता त्याच्या मलपृष्ठावरचा मजकूर उतरवून काढतात, असे ग्रंथपालांचे. शिक्षिकेने गुण न देण्याचे मान्य केले, ग्रंथपालांनी त्यावर विश्वास ठेवला नाही, आणि वहीचा विषय पुढच्या सत्रावर ढकलण्यात आला.